आंतल्या दारावरील सही

चाकणच्या वस्तींत संग्रामदुर्ग नांवाचा एक भुईकोट किल्ला आहे. किल्ला म्हणावयाचा तो इतिहासाविषयींच्या आदरानें. आज तेथें कांहीं भिंती, ढांसळलेले बुरूज व खंदकाच्या खुणा एवढेंच उरलें आहे. नाशिक रस्त्यानें रात्रंदिवस धांवणाऱ्या मालमोटारींतील फारच थोड्या लोकांस तो ठाऊक असेल. आमच्या औद्योगिक वसाहतींत आठवड्याची सुट्टी रविवारीं नसून गुरुवारीं असते. आणि गुरुवारीं दुपारीं हातीं कांहीं काम नसलें म्हणजे मी पुष्कळदां त्या बुरुजापाशीं जाऊन बसत असें. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या अफाट सैन्यानें या एवढ्याशा किल्ल्यास वेढा घातला असतां किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यानें मूठभर लोकांनिशीं तो भर पावसाळ्यांत सुमारें दोन महिने लढविला, हें आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचलेंच आहे. तटावरून आंत शिरतां येईना, तेव्हां शेवटीं मोगलांनीं जमिनीखालून भुयार खणून एका बुरुजाखालीं दारू ठांसली आणि बुरूज आकाशांत उडाला. ज्या बाजूस पहारा ठेवतां आला नाहीं, ती बाजू पायाखालची होती.

मला हा किल्ला आठवण्याचें कारण मात्र इतिहास नव्हे. माझा धंदा कारखान्यांतील यंत्रांच्या देखभालीचा. त्यांत चाकांना तेल घालण्यापासून संगणक सुरळीत चालविण्यापर्यंत सर्व कांहीं येतें. ज्या गोष्टीविषयीं आज लिहावयाचें योजिलें आहे ती दिसावयास क्षुद्र आहे: संगणकाच्या अगदीं आंतल्या गाभ्यांत, ज्यावर कोणाचीही सही नाहीं असा मजकूर चालूं द्यावा कीं न द्यावा? परंतु या क्षुद्र गोष्टीपायीं एका गरीब मुलाची नोकरी गेली, आणि ती माझ्यामुळें गेली. म्हणून ती सांगावीशी वाटते.

प्रथम हा गाभा म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. संगणकावर आपण पत्रें लिहितों, चित्रें पाहतों, हिशेब मांडतों. हीं कामें करणारे निरनिराळे प्रोग्रॅम असतात. यांपैकीं कोणासही संगणकाच्या स्मृतीला, तबकडीला किंवा त्यास जोडलेल्या यंत्रांना स्वतः हात लावण्याची मुभा नसते. प्रत्येकानें आपली मागणी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, ज्यास कर्नेल म्हणतात त्याकडे, रुजू करावयाची. आणि कर्नेलनें ती तपासून पुरी करावयाची अथवा नाकारावयाची. ही शिस्त नुसत्या समजुतीची नव्हे. ती प्रोसेसरच्या घडणींतच असते. कर्नेलचा अधिकार एक व इतरांचा दुसरा. आणि इतरांपैकीं कोणी मर्यादा ओलांडूं लागला तर प्रोसेसर स्वतःच त्यास अडवितो. जुन्या वाड्यांत जशी देवडी, मग चौक, मग ओसरी, माजघर आणि सर्वांत आंत तिजोरीची खोली, तशीच ही रचना समजावी. ओसरीवर कोणी दांडगाई केली तर त्यास हात धरून बाहेर काढतां येतें. पण तिजोरीच्या खोलींत शिरलेल्यास बाहेर काढणार कोण? तो घरांतील प्रत्येक कपाट उघडूं शकतो. इतकेंच नव्हे, तर पहारेकऱ्यास 'मी येथें नाहींच' असें पटवूंही शकतो. विषाणू शोधणारे प्रोग्रॅम झाले तरी तेही शेवटीं कर्नेललाच विचारतात कीं, या तबकडीवर कोणकोणत्या फायली आहेत. आणि उत्तर देणाराच फितूर असला तर विचारणाऱ्यानें काय करावें?

मग परक्याला इतक्या आंत घ्यावयाचेंच कशाला, असा प्रश्न कोणीही चतुर विद्यार्थी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, संगणकाला जोडावयाचीं यंत्रें हजारों प्रकारचीं असतात व तीं हजारों निरनिराळे लोक बनवितात. भोसरींतल्या एखाद्या गाळ्यांत तयार झालेल्या यंत्राशीं कसें बोलावें हें अमेरिकेंत बसून विंडोज लिहिणाऱ्यास कळणार कसें? तेव्हां यंत्र बनविणारानें त्याबरोबर एक लहानसा दुभाषी द्यावयाचा, आणि तो कर्नेलच्या आंत बसून काम करावयाचा, अशी वहिवाट पडली. यास ड्रायव्हर म्हणतात. शब्दाचा अर्थ सारथी. परंतु हा सारथी रथावर बसत नाहीं, तो थेट घोड्याच्या डोक्यांत बसतो. त्याला ठेंच लागली तर संबंध रथ उलटतो. पडदा निळा होऊन संगणक एकाएकीं बंद पडतो, त्याच्या मुळाशीं पुष्कळदां असा एखादा ठेंचकाळलेला सारथी असतो. आणि तो मुद्दाम दुष्ट हेतूनें आंत बसविलेला असला तर तो रथ उलटवीतही नाहीं. मुकाट्यानें दुसऱ्या रस्त्यास लावतो.

यावर उपाय म्हणून सही आली. सहीचें महत्त्व मला प्रथम आपल्या या शाळेनें शिकविलें, हें कबूल केलें पाहिजे. इयत्ता आठवींत सहामाही परीक्षेंत मला गणितांत शंभरांपैकीं तेवीस गुण मिळाले. प्रगतिपुस्तक वडिलांस दाखविण्याचा धीर झाला नाहीं, म्हणून मींच त्यांची सही केली व दुसऱ्या दिवशीं तें वर्गशिक्षकांच्या मेजावर ठेविलें. सही इतकी हुबेहूब साधली होती कीं माझें मलाच कौतुक वाटलें. गुरुजींनीं ती पाहिली, मागच्या सहामाहीचें पान उलटलें, आणि शांतपणें विचारलें, "सहीखालचे दोन ठिपके कोठें गेले?" वडील सही करून तिच्याखालीं नेहमीं दोन ठिपके देत, हें मीं तोंपर्यंत कधीं पाहिलेंच नव्हतें! गुरुजींनीं छडी मारली नाहीं. माझ्या सहीखालींच वडिलांची खरी सही आणावयास सांगितलें. त्या दोन सह्या वर्षभर एकाखालीं एक तशाच राहिल्या.

डोळ्यांनीं ओळखावयाच्या सहीची अशी गत असते. एका ठिपक्यावर सर्व भार. शिवकालीन पत्रांत याहून पक्की व्यवस्था आढळते. पत्राच्या आरंभीं शिक्का व मजकूर संपला तेथें मोर्तब. येथें मर्यादा शोभते, अशा अर्थाचीं अक्षरें त्या मोर्तबावर असत. शिक्क्यानें पत्र कोणाचें तें कळे. मोर्तबानें पत्र कोठें संपलें तें कळे, म्हणजे मागाहून कोणी एखादी ओळ वाढविली तर ती मर्यादेबाहेरची ठरे. संगणकांतील सही हीं दोन्ही कामें एकदम करते. मूळ मजकुरावर गणिताची एक क्रिया करून त्याचा एक आंखूड ठसा काढतात. आज प्रचारांत असलेल्या एका रीतीनें हा ठसा चौसष्ट अक्षरांचा येतो. मजकूर एका पानाचा असो कीं हजार पानांचा. त्यांत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी सगळाच्या सगळा ठसा निराळा होतो. मग हा ठसा सही करणारा आपल्या गुप्त किल्लीनें बद्ध करतो, व ज्याला पाहिजे तो जाहीर किल्लीनें पडताळून पाहतो. जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली काढतां येत नाहीं, ही यांतली खुबी. रिव्हेस्ट, शमिर व ॲडलमन या तिघां विद्वानांनीं १९७७ सालीं अमेरिकेंत शोधून काढलेली रीत त्यांच्या नांवांच्या आद्याक्षरांनीं प्रसिद्ध आहे. आपल्या देशांत २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें अशा सहीस कायद्याची मान्यताही मिळाली. किल्ली ज्याच्या नांवची म्हणतात त्याचीच आहे कशावरून? तर त्याची शहानिशा करून दाखला देणाऱ्या संस्था असतात, त्यांच्या दाखल्यावर त्यांच्याहून वरच्यांचा दाखला, अशी साखळी असते. आणि साखळीचें शेवटचें कडें ऑपरेटिंग सिस्टिममध्यें आधींच रोंवलेलें असतें.

विंडोजच्या चौसष्ट बिटी जातींत, २००६ च्या अखेरीस आलेल्या व्हिस्टापासून, सहीवांचून कोणताही ड्रायव्हर कर्नेलमध्यें घ्यावयाचा नाहीं असा नियम झाला. लिनक्समध्यें अशी सोय २०१२ च्या डिसेंबरांत आली, पण सक्ती करावयाची कीं नाहीं हें मालकाच्या मर्जीवर राहिलें. त्याच वर्षीं विंडोज आठबरोबर सिक्युअर बूट नांवाची व्यवस्था पसरली. हिचें काम असें कीं, संगणक जागा होतांना कर्नेलच्याही आधीं जो मजकूर चालतो, त्याची सही तपासावयाची. चाकणच्या किल्ल्याच्या भाषेंत सांगावयाचें तर हा बुरुजाखालचा पहारा होय. दरवाज्यावर कितीही शूर शिपाई ठेवा. भुयाराच्या तोंडाशीं कोणी नसेल तर ते शिपाई बुरुजासकट उडणार.

आतां माझी गोष्ट. २०१६ च्या दिवाळीच्या थोडें आधीं मी एका लहान कारखान्यांत कामास होतों. तेथें मोटारींचे सुटे भाग तयार होत व चाकणकडील मोठ्या कारखान्यास जात. तयार भागाचें माप घेणारें एक जुनें यंत्र होतें. त्याची सुई भागावरून फिरे, मापें संगणकांत उतरत, व त्यांवरून तपासणीचा कागद निघे. तो कागद मालाबरोबर नसला तर माल मोठ्या कारखान्याच्या फाटकावरूनच परत येई. एके दिवशीं यंत्राचा संगणक कायमचा बंद पडला. घाईघाईनें नवा आणला. त्यावर विंडोज दहा होतें. मापाच्या यंत्राचा ड्रायव्हर घालूं गेलों, तों पडद्यावर सूचना उमटली कीं, यावर विश्वासार्ह सही नाहीं, सबब हा चालविला जाणार नाहीं. यंत्र बनविणारी कंपनी केव्हांच बुडालेली. सही मागावी तरी कोणाकडे? आणि मालाची गाडी संध्याकाळीं सात वाजतां निघावयाची होती. मालक दर दहा मिनिटांनीं येऊन दारांत उभे राहत व कांहीं न बोलतां परत जात. बोलले असते तर बरें झालें असतें.

विंडोजमध्यें अशा प्रसंगासाठीं एक चोरवाट आहे. संगणक पुन्हा चालू करून एका विशिष्ट पानावर सातव्या क्रमांकाची कळ दाबली कीं तेवढ्या खेपेपुरता सहीचा आग्रह सुटतो. मीं ती दाबली. यंत्र बोलूं लागलें, कागद निघाला, गाडी गेली. येथपर्यंत फारसें बिघडलें नव्हतें. कारण संगणक बंद करून पुन्हा लावतांच हें दार आपोआप मिटतें. पण नेमकें तेंच आम्हांस नको होतें. रोज सकाळीं यंत्र लावतांना तीच खटपट. ऑपरेटरांस ती जमेना. आणि मला दररोज पहांटे फोन येई. पांचव्या दिवशीं मी कंटाळलों व कायमचा उपाय केला. संगणकाच्या मूळ मांडणींत जाऊन सिक्युअर बूट बंद केलें, आणि विंडोजला 'टेस्ट मोड' या अवस्थेंत टाकलें. ही अवस्था ड्रायव्हर लिहिणाऱ्या कारागिरांना आपलें काम घरच्या घरीं पारखून पाहतां यावें म्हणून ठेविलेली आहे. तिच्यांतही सही लागते, परंतु ती कोणाची असावी याचा आग्रह नसतो. तेव्हां मीं माझ्याच नांवचा एक दाखला तयार केला व माझ्याच हातानें त्या ड्रायव्हरवर सही ठोकली. आठवींतल्या मुलानें वडिलांची सही केली होती, चाळिशींतल्या माणसानें स्वतःची केली, एवढाच फरक. ठिपके विचारणारे गुरुजी मीं आधींच बाहेर काढून बसविले होते.

पडद्याच्या उजवीकडील खालच्या कोंपऱ्यांत 'टेस्ट मोड' अशीं बारीक अक्षरें उमटलीं. दार उघडें आहे हें पाहणाऱ्याच्या सतत ध्यानांत राहावें यासाठीं तीं तेथें असतात. मी मनाशीं म्हणालों, दिवाळी आटोपली कीं याची नीट व्यवस्था लावूं. दिवाळी झाली. मार्चअखेर आली, तीही गेली. अक्षरें नऊ महिने तेथेंच राहिलीं. पहिल्या आठवड्यांत तीं डोळ्यांत खुपत. नंतर दिसेनाशीं झालीं.

२०१७ च्या पावसाळ्यांत एका सोमवारीं सकाळीं मापाच्या संगणकांतील फायली उघडेनात. त्यांचीं नांवें बदललेलीं होतीं, आंत अर्थशून्य अक्षरें. नऊ महिन्यांच्या तपासणीचे कागद गेले. आणि त्यांची प्रत मीं त्याच संगणकाच्या दुसऱ्या कप्प्यांत ठेविली होती, तेव्हां तीही गेली. विषाणू शोधणारा प्रोग्रॅम पडद्यावर हिरवी खूण दाखवीत निवांत बसला होता. पुण्याहून एक जाणता गृहस्थ बोलाविला. त्यानें दोन तास तपासून कर्नेलमध्यें बसलेल्या ड्रायव्हरांची यादी काढली. तींत एक नांव आमच्या कोणत्याही यंत्राचें नव्हतें. त्यानेंच विषाणूशोधक प्रोग्रॅमचे हातपाय बांधून ठेविले होते. त्यावरही सही होती. पण ज्या नांवची होती त्या नांवची संस्था जगाच्या पाठीवर कोठें नव्हती. यादींत तो ड्रायव्हर माझ्या ड्रायव्हरच्या अगदीं शेजारीं बसला होता, आणि दोघांच्याही सह्या एकाच दर्जाच्या होत्या.

तीच फाईल दुसऱ्या पाळीच्या एका ऑपरेटरच्या पेनड्राइव्हवर सांपडली. हा लातूरकडचा वीसबावीस वर्षांचा मुलगा, कंत्राटदाराच्या मार्फत आलेला, मोशीस एका खोलींत सहा जणांत राहणारा. रात्रपाळींत ऐकावयास त्यानें गाणीं आणलीं होतीं. मालकांनीं त्यास सर्वांसमक्ष विचारलें. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, मी फक्त गाणी आणली होती." मी तेथें उभा होतों. पेनड्राइव्ह लावणें हा नियमभंग होता हें खरें. पण दार कोणीं उघडून ठेविलें होतें हें त्या खोलींत मला एकट्यालाच ठाऊक होतें, आणि मी बोललों नाहीं. संध्याकाळपर्यंत त्याचा गेटपास काढून घेण्यांत आला. पुण्याचा गृहस्थ जातांना मला बाजूस घेऊन हळूच म्हणाला, "टेस्ट मोड कुणी लावला होता हो?" मीं उत्तर दिलें नाहीं. त्यानेंही पुन्हा विचारलें नाहीं. तो समजला होता.

तीन दिवस मीं गप्प बसून काढले. चौथ्या दिवशीं मालकांकडे जाऊन सर्व सांगितलें. मला वाटलें होतें, ते रागावतील. ते थोडा वेळ खिडकींतून बाहेर पाहत राहिले व म्हणाले, "मग आता तुम्हालाही काढू का? यंत्रं कोण बघणार?" मुलास परत बोलवावें असें मीं सुचविलें. त्यावर ते म्हणाले कीं, तो कंत्राटदाराचा प्रश्न आहे. कंत्राटदार म्हणाला, तो मालकांचा प्रश्न आहे.

प्रामाणिकपणें सांगावयाचें तर फायली बिघडविण्यासाठीं कर्नेलपर्यंत जाण्याची गरज नसते. ओसरीवर बसलेला प्रोग्रॅमही मालकाच्या फायलींची तेवढी नासाडी करूं शकतो. पण माजघराचें दार बंद असतें तर पहारेकरी शुद्धीवर राहिला असता, व त्यानें आरडाओरडा तरी केला असता. त्या प्रसंगानंतर या विषयावर मिळेल तें मी वाचूं लागलों. प्रथम हेतु असा कीं, कोठें तरी माझें समर्थन सांपडावें. सांपडलेंही, पण त्यानें समाधान झालें नाहीं.

समर्थन असें. २०१० च्या जूनमध्यें बेलारूसमधील एका लहान विषाणूशोधक कंपनीस स्टक्सनेट नांवाचा एक विषाणू सांपडला. इराणांतील नतान्झ येथें युरेनियम शुद्ध करणारीं यंत्रें बिघडविण्यासाठीं तो रचलेला होता. सीमेन्सच्या ज्या प्रकारच्या नियंत्रकांना त्यानें गांठलें, त्याच कुळांतले नियंत्रक आमच्या पट्ट्यांतल्या कितीतरी कारखान्यांत आज निमूटपणें पट्टे व हात फिरवीत असतात. तो पेनड्राइव्हवरून पसरे, आणि लागण झालेल्या देशांत इराण व इंडोनेशियाच्या खालोखाल आपल्या देशाचें नांव होतें. त्याचे ड्रायव्हर कर्नेलमध्यें राजरोस शिरले, कारण त्यांवर रिअलटेक या तैवानांतील नामांकित कंपनीची अस्सल सही होती. किल्ली चोरीस गेलेली होती. जुलैमध्यें तो दाखला रद्द होतो न होतो तोंच त्याच्या नात्यांतला दुसरा ड्रायव्हर सांपडला. त्यावर जेमायक्रॉन या दुसऱ्या कंपनीची सही, आणि या दोन्ही कंपन्यांचीं कार्यालयें तैवानांतील एकाच उद्योगवसाहतींत होतीं! म्हणजे सही खरी, कागद खरा, आणि आलेला मनुष्य मात्र चोर.

दुसरें उदाहरण याहून ताजें आहे. १९ जुलै २०२४ रोजीं जगांतील सुमारें पंचाऐशीं लाख विंडोज संगणक एका सकाळींत निळे पडले. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले, हें पुष्कळांस आठवत असेल. हें कोणा चोराचें काम नव्हतें. संगणकांचें रक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक नांवाच्या कंपनीचाच ड्रायव्हर कर्नेलमध्यें बसलेला होता. त्यावर रीतसर सही होती, तपासणी झालेली होती. पण तो ड्रायव्हर जी माहितीची फाईल वेळोवेळीं मागवून वाची, तींत चूक निघाली आणि सारथी ठेंचकाळला. रखवालदाराच्या ओळखपत्रांत खोट नव्हती. त्याच्या हातांत दिलेल्या चिठ्ठींत होती. सही मजकूर कोणाचा आहे व तो बदलला आहे काय एवढेंच सांगते. मजकूर शहाणपणाचा आहे कीं नाहीं, हें ती सांगत नाहीं. तें आमच्या गणिताच्या पेपरावरील वडिलांच्या सहीसारखें आहे. सहीनें तेवीसाचे चौतीस होत नाहींत.

आणखी एक शंका माझ्या मनांत अद्याप आहे व ती मला सोडवितां येत नाहीं. विंडोज दहाच्या २०१६ सालच्या आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरवर खुद्द मायक्रोसॉफ्टची सही लागूं लागली. याचा अर्थ भोसरींतल्या कारागिरानें स्वतः घडविलेलें यंत्र, स्वतः विकत घेतलेल्या संगणकास जोडावयाचें तरी मुखत्यारी समुद्रापलीकडच्याची. मोठ्या कंपन्यांस यांत अवघड असें कांहीं नाहीं. लहान माणसानें मात्र दाखला विकत घ्यावयाचा, नोंदणी करावयाची, वाट पाहावयाची. आणि त्याची कंपनी बुडाली तर त्याच्या मागें त्याचीं यंत्रें मुकीं व्हावयाचीं. लिनक्समध्यें मालकास आपली स्वतःची किल्ली संगणकांत नोंदवितां येते, व तिनें सही केलेलाच ड्रायव्हर आंत येईल असें ठरवितां येतें. सर्वांस दार उघडें टाकावें लागत नाहीं. मला ही व्यवस्था अधिक मानाची वाटते. मात्र किल्ली कोणत्या खिशांत ठेविली आहे हें मालकानें विसरतां कामा नये, आणि मालक विसरतात. मी नऊ महिने विसरलों होतों.

त्या मापाच्या यंत्राचें पुढें असें झालें. बाजारांत शोधून एक जुना, बत्तीस बिटी विंडोजचा संगणक मिळविला, ज्यावर सहीची सक्ती नव्हती व बुडालेल्या कंपनीचा जुना ड्रायव्हर जसाच्या तसा चालत होता. त्याला नेटवर्कची तार जोडली नाहीं. पेनड्राइव्हचीं छिद्रें लाखेनें बुजविलीं. मापाचा कागद तेथून छापून निघे व दुसऱ्या संगणकांत हातानें उतरवून घेतला जाई. हें काम करणारा कारकून मला बोल लावी, आणि तें रास्तच होतें. यंत्र भंगारांत निघेपर्यंत हाच क्रम चालला.

मुलाचा पत्ता लागावयास मला दोन वर्षें लागलीं. मोशीच्या खानावळवाल्याकडे त्याच्या एका सोबत्याचा फोन नंबर होता. त्यावरून कळलें कीं, तो रांजणगांवास एका कारखान्यांत लागला आहे. २०१९ च्या उन्हाळ्यांत एका गुरुवारीं मी तेथें गेलों. पाळी सुटल्यावर तो फाटकाबाहेर आला. अंगानें भरला होता, मिशी फुटली होती. आम्हीं टपरीवर चहा घेतला. मीं त्यास सर्व हकीकत सांगितली: सातवी कळ, सिक्युअर बूट, माझ्या नांवची सही, मालकांपुढचें माझें मौन. तो ऐकत राहिला. काढलें तेव्हां त्याचे नऊ दिवसांचे पैसे राहिले होते. ते कंत्राटदाराकडून निघाले नाहींत, म्हणून मीं माझ्याजवळचे दिले. त्यानें ते मोजून घेतले. परत येतोस काय, असें मीं विचारलें. मी तोंपर्यंत दुसऱ्या कारखान्यांत होतों व तेथें जागा होती. तो म्हणाला, इथं कंपनीची बस येते, जेवण मिळतं, आता नको.

मग कांहीं तरी आठवून तो हंसला. म्हणाला, "साहेब, ती कोपऱ्यातली अक्षरं मी रोज बघायचो. मला वाटलं, ते त्या मशीनचं नाव आहे."